दयामरण, इच्छामरण आणि शुश्रूषा : अरुणा शानबाग खटल्याच्या निकालाची नैतिक चिकित्सा

प्रास्ताविक

असाध्य व्याधीने ग्रस्त झालेल्या व्यक्तीला मृत्यू जवळ करण्यासाठी इतरांनी साह्य करावे काय, हा प्रश्न वैद्यक, कायदा, धर्म आणि तत्त्वज्ञान या चारही क्षेत्रांना स्पर्श करणारा आहे. मराठीत या प्रश्नाची चर्चा करताना 'दयामरण' आणि 'इच्छामरण' हे दोन शब्द बहुधा पर्यायवाची म्हणून वापरले जातात. एकाच लेखात, किंबहुना एकाच परिच्छेदात, दोन्ही शब्द एकाच अर्थाने आलेले दिसतात. वस्तुतः या दोन संज्ञांच्या मुळाशी दोन भिन्न नीतिविचार आहेत. दयामरणात निर्णयाचा उगम पाहणाऱ्याच्या अंतःकरणात असतो, तर इच्छामरणात तो सोसणाऱ्याच्या संकल्पात असतो. एकात करुणा प्रमाण आहे, दुसऱ्यात स्वायत्तता.

भारतातील या विषयावरील चर्चेला निर्णायक वळण देणारा खटला म्हणजे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यासंबंधीचा खटला होय. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल ७ मार्च २०११ रोजी दिला. या निकालाची कायदेशीर चर्चा विपुल झाली आहे. परंतु दया आणि इच्छा या दोहोंपैकी कोणत्याही संज्ञेत न बसणारे एक तिसरे तत्त्व या खटल्यात केंद्रस्थानी होते, याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. ते तत्त्व म्हणजे शुश्रूषा. २०११ च्या निकालाने हे तत्त्व ओळखले, पण त्याचा अर्थ अपुरा लावला. आणि २०१८ मधील घटनापीठाच्या निकालानंतर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत ते जवळजवळ हरवले, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे.

१. परंपरेतील इच्छामरण

इच्छामरणाची कल्पना मराठी मनाला अपरिचित नाही. ज्ञानेश्वरांच्या संजीवन समाधीपासून ती या भूमीच्या स्मृतीत आहे. आधुनिक काळात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९६४ साली 'आत्महत्या नव्हे, आत्मार्पण' या लेखात कृतार्थ जीवनाचा स्वेच्छेने शेवट आणि निराशेतून केलेली आत्महत्या यांत भेद केला. फेब्रुवारी १९६६ मध्ये त्यांनी प्रायोपवेशन करून देह ठेवला. विनोबा भावे यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार येथे अन्न, पाणी व औषध नाकारले आणि १५ नोव्हेंबर रोजी त्यांचे निधन झाले. जैन परंपरेत आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरी येथे सल्लेखना स्वीकारली.

या उदाहरणांचा आधार घेऊन 'आपल्या संस्कृतीने इच्छामरण पूर्वीच मान्य केले आहे' असा युक्तिवाद वारंवार केला जातो. तो सावधपणे स्वीकारला पाहिजे. या सर्व व्यक्ती अखेरपर्यंत स्वतःचा संकल्प उच्चारू शकत होत्या. शिवाय त्यांपैकी कोणीही एकाकी नव्हते. सल्लेखनेच्या विधीत तर साधकाची अवस्था क्षणोक्षणी पाहणारा, त्याच्या परिणामांची विचारपूस करणारा आणि त्याची सेवा करणारा साधुसमुदाय आवश्यक मानला आहे. म्हणजे परंपरेतील इच्छामरण हे केवळ इच्छेवर उभे नव्हते. त्या इच्छेच्या भोवती ऐकणाऱ्या माणसांचे वर्तुळ होते. आधुनिक युक्तिवाद परंपरेतून इच्छा तेवढी उचलतो आणि वर्तुळ मागे ठेवतो, ही त्याची मर्यादा होय.

२. कायद्याची वाटचाल

१९८१ साली मिनू मसानी यांनी मुंबईत सन्मानाने मृत्यूच्या हक्कासाठी संस्था स्थापन केली, तेव्हा हा विषय प्रथमच संघटित रूपात पुढे आला. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका पोलीस शिपायाच्या याचिकेवर निर्णय देताना आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ घटनाबाह्य ठरविले. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने पी. रथिनम खटल्यात तशीच भूमिका घेतली. परंतु १९९६ साली ग्यान कौर खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने ती फिरविली. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क अंतर्भूत नाही, असे या पीठाने सांगितले. मात्र मृत्यूची प्रक्रिया सुरू झालेली असताना सन्मानाने मरण येणे हा सन्मानाने जगण्याचाच भाग आहे, असेही त्याने नमूद केले. पुढील सर्व विचार या एका वाक्याच्या आधारे विस्तारला.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. उपचार थांबवून व्याधीला तिच्या मार्गाने जाऊ देणे यास निष्क्रिय दयामरण म्हणतात. प्राणघातक औषध टोचणे हे सक्रिय दयामरण. आणि डॉक्टरने लिहून दिलेले औषध रुग्णाने स्वतः घेणे हा वैद्यकीय साह्याने मृत्यू. भारतीय कायद्याने २०११ पासून पहिल्याच प्रकाराला, तोही कडक अटींवर, मान्यता दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ त्याच्या पूर्वीच्या रूपात राहिले नाही. पण आत्महत्येस प्रवृत्त करणे वा साह्य करणे हा गुन्हा कायम आहे.

३. खटल्याची पार्श्वभूमी

मूळच्या कर्नाटकातील हळदीपूरच्या अरुणा शानबाग के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातीलच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून लैंगिक अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाल्याने त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. आरोपीवर खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरी एवढेच गुन्हे सिद्ध झाले व त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराबद्दल शिक्षा झालीच नाही. मुंबईतील परिचारिकांनी त्या वेळी संप करून सुरक्षित कामाच्या परिस्थितीची मागणी केली होती. पुढे ऐंशीच्या दशकात महानगरपालिकेने खाट रिकामी करण्यासाठी अरुणा यांना अन्यत्र हलविण्याचा प्रयत्न केला. परिचारिकांच्या विरोधामुळे तो सोडून द्यावा लागला.

पत्रकार पिंकी विराणी यांनी १९९८ साली त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि २००९ साली त्यांच्या वतीने 'निकटचा मित्र' या नात्याने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. अरुणा यांना अन्न देणे थांबवावे आणि त्यांना शांतपणे मृत्यू येऊ द्यावा, ही तिच्यातील मागणी होती. रुग्णालयाच्या परिचारिकांनी व अधिष्ठात्यांनी तिला ठाम विरोध केला. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू व न्यायमूर्ती ग्यानसुधा मिश्रा यांच्या पीठाने जानेवारी २०११ मध्ये मुंबईतील तीन डॉक्टरांची समिती नेमली. अरुणा यांचा मेंदू मृत नाही, त्या बेशुद्धही नाहीत, मात्र कायमस्वरूपी अचेतनावस्थेचे बहुतेक निकष त्यांना लागू पडतात, असा समितीचा अहवाल होता. एवढ्या वर्षांत त्यांच्या अंगावर शय्याव्रण होऊ न देणाऱ्या शुश्रूषेची दखलही घेतली गेली.

न्यायालयाने याचिका फेटाळली. पण निष्क्रिय दयामरण उच्च न्यायालयाच्या परवानगीने करता येईल, असे सांगून त्याची कार्यपद्धती आखून दिली. अरुणा यांचे निकटचे मित्र विराणी नव्हेत, तर के. ई. एम. चे कर्मचारी होत, असे न्यायालयाने ठरविले. पुढेमागे या कर्मचाऱ्यांचे मत बदलल्यास त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे अर्ज करावा, असेही सांगितले. त्यानंतर चार वर्षांनी, १८ मे २०१५ रोजी, न्यूमोनियाने अरुणा शानबाग यांचे निधन झाले.

४. निकालाची चिकित्सा

या खटल्यात इच्छेचा आधार उपलब्ध नव्हता. अरुणा यांनी आजारापूर्वी आपल्या अंतासंबंधी काही सांगून ठेवलेले नव्हते आणि नंतर सांगण्याची शक्ती त्यांच्यापाशी उरली नव्हती. राहिली दया. परंतु दया दोन्ही पक्षांकडे होती. विराणी यांच्या दयेने 'हे भोग थांबवा' असे म्हटले आणि परिचारिकांच्या दयेने 'आम्ही सांभाळतो आहोत' असे म्हटले. दया हे तत्त्व या दोन दयांमध्ये निवाडा करू शकत नाही. दयामरणाच्या नीतीची मूलभूत अडचण या खटल्याइतकी स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच दिसते.

न्यायालयाने ही कोंडी वेगळ्या रीतीने सोडविली. रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला, असा प्रश्न त्याने विचारला. आणि रात्रंदिवस जे सेवा करतात त्यांना, असे उत्तर दिले. रक्ताचे नाते वा लेखनातून जुळलेले सहानुभूतीचे नाते यांपेक्षा सेवेचे नाते श्रेष्ठ मानणे ही या निकालाची खरी नैतिक कामगिरी होय. भारतीय न्यायव्यवहारात परिचारिकेच्या कामाला एवढे नैतिक वजन क्वचितच मिळाले असेल.

तथापि निकालाचा युक्तिवाद येथेच थांबतो. सेवा केल्याने बोलण्याचा अधिकार मिळतो, असे तो मानतो. सेवेतून कोणते ज्ञान मिळते, हे तो विचारत नाही. या ठिकाणी 'शुश्रूषा' शब्दाची व्युत्पत्ती मार्गदर्शक ठरते. संस्कृतातील 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूच्या इच्छार्थक रूपापासून हा शब्द सिद्ध झाला आहे. त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. गुरूचे ऐकू इच्छिणारा शिष्य गुरूची सेवा करतो, म्हणून पुढे सेवा हा अर्थ रूढ झाला. म्हणजे शुश्रूषा ही मुळात केवळ कष्टांची क्रिया नसून लक्ष देण्याची वृत्ती आहे. बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत तिचे महत्त्व अधिकच वाढते. घास गिळताना चेहऱ्यावर उमटणारा भाव, कूस बदलताना आक्रसणारे शरीर, श्वासाची बदललेली लय या गोष्टी नित्य सहवासात असणाऱ्यालाच वाचता येतात.

अन्नाच्या प्रश्नाने हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. १९९३ साली ब्रिटनमधील हाऊस ऑफ लॉर्ड्सने एअरडेल खटल्यात नळीने दिले जाणारे अन्न हा वैद्यकीय उपचार मानला आणि तो थांबविण्यास अनुमती दिली. भारतीय न्यायालयाने या निर्णयाचा विस्तृत आधार घेतला. पण अरुणा यांना दीर्घकाळ मऊ केलेले अन्न तोंडाने भरविले जात होते. २०१० मधील हिवतापाच्या आजारानंतर नळीचा आधार घ्यावा लागला. नळी हा उपचार म्हणता येईल. घास भरविणे हा उपचार म्हणता येईल काय? तो थांबविणे म्हणजे उपचारांतून माघार घेणे नव्हे, नाते थांबविणे होय. परिचारिकांचा विरोध केवळ भावनिक नव्हता. तो या भेदाच्या जाणिवेतून आलेला होता, असे म्हणण्यास जागा आहे.

५. शुश्रूषेच्या तत्त्वावरील आक्षेप

या भूमिकेवर तीन गंभीर आक्षेप घेता येतात. पहिला आक्षेप असा की, शुश्रूषा करणारा रुग्णाचे ऐकतो की स्वतःचेच? वर्षानुवर्षांच्या सेवेतून ममत्व निर्माण होते आणि ममत्वातून स्वामित्व. ज्या व्यक्तीला सोडून देण्याची आपली तयारी नाही, तिचीही जाण्याची तयारी नाही, असे मानण्याचा मोह प्रबळ असतो. विराणी यांच्या याचिकेचे नैतिक बळ नेमके येथे होते. परिचारिकांना ऐकू येणारा आवाज अरुणाचाच कशावरून, हा तिच्यामागील प्रश्न न्यायालयाने पुरेशा गांभीर्याने हाताळला नाही.

दुसरा आक्षेप सामाजिक आहे. शुश्रूषा हे आपल्याकडे प्रामुख्याने स्त्रियांवर टाकलेले, अल्प वेतनाचे वा विनावेतन काम आहे. घरोघरी अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची सेवा सून वा मुलगी करते. निर्णय मात्र बहुधा पुरुष घेतात. अशा स्थितीत शुश्रूषेचा गौरव हा शोषणाला दिलेला मुलामा ठरू शकतो. तिसरा आक्षेप व्यावहारिक आहे. अरुणा यांना लाभली तशी शुश्रूषा किती जणांच्या वाट्याला येते? एका महापालिका रुग्णालयातील परिचारिकांच्या कित्येक तुकड्यांनी बेचाळीस वर्षे केलेली सेवा हा अपवाद आहे; अपवादावर नियम उभारता येत नाही.

हे तिन्ही आक्षेप मान्य करूनही मूळ तत्त्व बाधित होत नाही. पहिल्या आक्षेपाचे उत्तर शुश्रूषा करणाऱ्यास अंतिम निर्णयाधिकार देण्यात नाही, तर त्याची साक्ष अनिवार्य करून ती इतर साक्षींशी पडताळण्यात आहे. दुसऱ्या आक्षेपातून निष्पन्न होते ते एवढेच की जो भार वाहतो त्याला निर्णयप्रक्रियेतही स्थान हवे. तिसरा आक्षेप तर शुश्रूषेच्या विरोधात नसून तिच्या अभावाच्या विरोधात आहे.

६. २०१८ नंतरची व्यवस्था

२०११ च्या निकालाने ग्यान कौर खटल्याचा लावलेला अर्थ विसंगत असल्याचे दिसून आल्याने २०१४ साली हा प्रश्न घटनापीठाकडे सोपविण्यात आला. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचे घोषित केले आणि जिवंतपणी लिहून ठेवावयाच्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. या इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची स्वाक्षरी आवश्यक होती. ही प्रक्रिया अव्यवहार्य ठरल्याने जानेवारी २०२३ मध्ये ती सुलभ करण्यात आली. नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर केलेले इच्छापत्र पुरेसे मानले गेले. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी गोव्यात असे इच्छापत्र करून जाहीर उदाहरण घालून दिले.

ही प्रगती स्वागतार्ह आहे. परंतु तिचा कल पाहता, २०११ चा निकाल सेवेकडे झुकलेला होता, तर २०१८ चा निकाल निर्णायकपणे इच्छेकडे झुकला, असे दिसून येते. इच्छापत्र करण्यासाठी अक्षरओळख, कायद्याची माहिती, साक्षीदार आणि आपल्या मृत्यूविषयी निवांतपणे विचार करण्याची सवड लागते. ऊसतोडणीच्या हंगामात गावोगाव फिरणाऱ्या मजुराजवळ यांपैकी काय असते? इच्छापत्र नसलेल्यांसाठी कुटुंबीयांच्या संमतीची तरतूद आहे हे खरे. पण उपचारांच्या खर्चाने कर्जबाजारी झालेल्या कुटुंबाची संमती कितपत मुक्त असते, हा प्रश्न शिल्लक राहतो.

अधिक महत्त्वाची गोष्ट निर्णय घेणाऱ्या मंडळांच्या रचनेची आहे. २०२३ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्राथमिक मंडळात उपचार करणारा डॉक्टर व दोन तज्ज्ञ डॉक्टर असतात. दुय्यम मंडळात मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नामनिर्देशित केलेला डॉक्टर व दोन तज्ज्ञ असतात. मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे अशी अपेक्षा आहे. या सहा जागांपैकी एकही परिचारिकेसाठी नाही. ज्या खटल्यातून ही सर्व विचारधारा सुरू झाली त्यातील रुग्ण परिचारिका होती, तिला सांभाळणाऱ्या परिचारिका होत्या आणि न्यायालयाने ज्यांचा शब्द प्रमाण मानला त्यांतही परिचारिका होत्या. त्याच खटल्याच्या वारशातून उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत परिचारिका अदृश्य व्हावी, ही विसंगती दुर्लक्षिण्यासारखी नाही.

७. तुलनात्मक दृष्टी

वैद्यकीय साह्याने मृत्यूला मान्यता देणाऱ्या देशांचा अनुभवही या संदर्भात विचारात घेण्यासारखा आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात असा कायदा १९९७ पासून अमलात आहे. तेथील वार्षिक अहवालांत रुग्णांनी सांगितलेल्या कारणांमध्ये शारीरिक वेदनेपेक्षा स्वायत्तता गमावणे व जीवनातील आनंद उरला नसल्याची भावना यांचे प्रमाण सातत्याने अधिक आढळते. कॅनडाने २०१६ साली कायदा केला आणि २०२१ साली ज्यांचा मृत्यू नजीक नाही अशांनाही त्याचे दार उघडले. तेव्हा अपंगांच्या संघटनांनी त्यास तीव्र विरोध केला. जगण्यासाठी आवश्यक साह्य मिळत नसताना मरण्यासाठी साह्य मिळणे हे स्वातंत्र्य नव्हे, असा त्यांच्या विरोधाचा आशय होता.

याउलट ब्रिटनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिसने वेगळा मार्ग दाखविला. साँडर्स प्रथम परिचारिका होत्या, नंतर डॉक्टर झाल्या. शरीर, मन, समाज आणि अध्यात्म या चारही पातळ्यांवरील वेदनेचा एकत्र विचार त्यांनी मांडला. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली सुरू झालेले शांती आवेदना सदन आणि पुण्यात १९९७ साली सुरू झालेले सिप्ला उपशामक उपचार केंद्र ही याच विचाराची आपल्याकडील रूपे होत. परंतु १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील जाचक परवान्यांमुळे कर्करोगाच्या रुग्णांनाही मॉर्फिन मिळणे दीर्घकाळ दुष्कर झाले. २०१४ च्या दुरुस्तीने नियम शिथिल झाले. वैद्यकीय उपयोगासाठी अफूची कायदेशीर शेती करणाऱ्या मोजक्या देशांत भारताची गणना होते आणि त्याच देशातील रुग्ण मॉर्फिनवाचून तळमळत राहिले. अशा तळमळीतून 'मला मरू द्या' असे उद्गार निघाले, तर तो स्वायत्त संकल्प मानावयाचा की न भागवलेल्या गरजेचा आक्रोश?

अर्थात उत्तम उपशामक उपचार मिळूनही काही रुग्णांचे भोग संपत नाहीत आणि पूर्ण विचारांती मृत्यूची मागणी करणारे रुग्ण असतात. त्यांची मागणी केवळ शुश्रूषेच्या नावाने फेटाळणे हेही न ऐकण्याचेच एक रूप होय. ऐकण्याची इच्छा प्रामाणिक असेल, तर 'आता पुरे' हे शब्दही ऐकून घेण्याची तयारी तीत असली पाहिजे. शुश्रूषेचे तत्त्व म्हणूनच मृत्यूच्या साह्याला सरसकट नकार देत नाही. ऐकण्यापूर्वी दिलेला होकार व नकार, दोन्ही ते अनैतिक ठरविते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, दयामरण व इच्छामरण या संज्ञा पर्यायवाची नाहीत. त्यांची सरमिसळ झाल्याने निर्णय कोणाचा, हा कळीचा प्रश्न झाकला जातो. दुसरा, जेथे इच्छा अज्ञात आहे आणि दया परस्परविरोधी आहे, तेथे शुश्रूषा हे तत्त्व मार्गदर्शक ठरू शकते. २०११ च्या निकालाने त्याचा स्वीकार केला, पण त्याचा अर्थ सेवेचा हक्क एवढाच लावला. तिसरा, २०१८ व २०२३ च्या व्यवस्थेत वैद्यकीय मंडळांपुढे रुग्णाची प्रत्यक्ष शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीची साक्ष, मग ती परिचारिका असो वा घरातील सून, नोंदविणे बंधनकारक केले पाहिजे. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. मार्गदर्शक तत्त्वांत एका कलमाची भर पुरेशी आहे. चौथा, वैद्यकीय साह्याने मृत्यूच्या मागणीचा विचार उपशामक उपचारांच्या उपलब्धतेपासून वेगळा करता येणार नाही.

अरुणा शानबाग यांना काय हवे होते, हे कोणालाही कळले नाही. न्यायालयाला कळले नाही, याचिकाकर्तीला कळले नाही, आणि कदाचित परिचारिकांनाही कळले नसेल. फरक एवढाच की परिचारिकांनी ते जाणून घेण्याचा प्रयत्न दररोज, प्रत्येक घासाला, बेचाळीस वर्षे केला. असाध्य व्याधीग्रस्तांच्या मृत्यूविषयी कोणताही कायदा करताना या प्रयत्नाला जागा ठेवली जाते की नाही, यावर त्या कायद्याची नैतिकता तपासली गेली पाहिजे.